दहा बोटांचं हसू

चिमणाआजींना हसताना मी सात वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. पाहिलं मात्र रोज.

कॉलनीत काही गंमत झाली की आम्ही बाया पोट धरधरून हसतो. आजी नाही हसत. शहाण्णव वर्षांची ही बाई पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्चीत ताठ बसते, तोंड गच्च मिटते आणि हात वर करते. एक बोट म्हणजे गालातल्या गालात. तीन बोटं म्हणजे बरं जमलंय. पंजा म्हणजे पोट दुखायला लागलं. मागच्या वर्षी आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी खालची पाण्याची टाकी धुतली का ते बघायला आत वाकले आणि खांद्यापर्यंत अडकले, तेव्हा आजींची नऊ बोटं वर गेली होती. नऊच्या वर कधीच नाही. डाव्या हाताचा अंगठा कायम दुमडलेला. मला वाटायचं, संधिवात असेल.

मी संजना. नाशिक रोडला या चार बिल्डिंगांची आशाताई. कोणाला डोस, कोणाला गोळ्या, कोणाचं बाळंतपण, सगळं माझ्या गळ्यात. माझी जीभ जरा तिखट आहे, हे तुम्हाला कोणीही सांगेल. पण गोड बोलून लोक गोळ्या घेतात, असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस माझी पिशवी उचलून फिरून दाखवावं.

तर गोष्ट सुयशची. तिसऱ्या मजल्यावर राहतो, वय तेवीस, टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये कामाला आणि ढोलपथकात एकदम पुढच्या रांगेत. मार्चमध्ये त्याला टीबी निघाला. उंची पावणेसहा फूट आणि वजन चव्वेचाळीस किलो! शर्ट काढला की फासळ्या मोजून घ्याव्यात. सहा महिने रोज गोळ्या, आणि त्या कोणाच्या तरी समोर गिळायच्या. आई यशोदाबाई पहाटे सहालाच मेसच्या कामाला जाते. मग हा पोरगा गोळी गिळतोय की खिडकीतून फेकतोय, हे बघणार कोण?

"माझ्यासमोर गिळंल त्यो," आजी म्हणाल्या.

"आजी, तुमचं वय काय, त्याचा आजार काय! तुम्हाला लागण झाली म्हणजे?"

"मला? संजे, टीबीच्या दवाखान्यात आया व्हते मी. थुंकीचे मग उचललेत तीन वर्सं. त्यो रोग मला भिऊन पळाला."

मी हात टेकले. तरी दवाखान्यातल्या मॅडमना विचारलं. त्यांनी आधी आजींचाच एक्सरे काढायला लावला. छातीत एक जुना डाग निघाला, कधीचा तरी आपोआप सुकलेला. "असंल," आजी म्हणाल्या आणि विषय संपला. सुयशने मास्क लावायचा, उघड्या गॅलरीतच बसायचं आणि आजींपासून चार हात लांब, या अटीवर मॅडमनी हो म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गॅलरीचं सॅनेटोरियम झालं.

खरं सांगते, मला आधी काही कळेचना. मी सकाळी गोळ्या घेऊन गेले तर सुयश खाटेवर आडवा, अंगावर दोन चादरी, समोर दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध. दुपारी दोन ते चार मौन. मोबाइल आजींच्या उशीखाली. बोलायचं नाही, उठायचं नाही आणि हसायचं तर अजिबात नाही.

"आजी, अहो आता गोळ्या निघाल्यात. हे सगळं कशाला?"

"गोळी तुझी. बाकी समदं माझं."

सुयश मास्कच्या आतून कळवळला. "ताई, या म्हातारीने मला जिवंत पुरलंय."

आजींनी एक बोट वर केलं.

मग एकेक दिवस करत ती हकिगत बाहेर आली. शहराबाहेर माळावर चाळीस खाटांचं सॅनेटोरियम होतं. आता तिथे मोठी सोसायटी उभी आहे, पोहण्याच्या तलावासकट. अठ्ठेचाळीस साली चिमणाआजी एकोणीस वर्षांच्या. थुंकीची भांडी उचलायला गावातलं कोणी तयार होईना, म्हणून गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतल्या बायांना बोलावलं, असं त्या सांगतात. "मला बरंच वाटलं गं. पगार, पांढरं लुगडं. आन् जल्मात पहिल्यांदा लोक 'लांब व्हय' म्हणायचे ते मला नाय, दुसऱ्या कोणाला तरी."

हे सांगून त्यांनी दोन बोटं वर केली.

तेव्हा या रोगावर गोळी नव्हतीच, साध्या माणसाच्या हाताला येईल अशी तर नाहीच. हवा, दूध, अंडी आणि झोप, एवढंच औषध. डिसेंबरच्या कडाक्यातसुद्धा खाटा व्हरांड्यातच. काहींच्या छातीत सुईने हवा भरायचे, म्हणजे दुखरं फुप्फुस दबून पडून राहायचं आणि त्याला आराम मिळायचा. ती हवा जिरली की पंधरा दिवसांनी पुन्हा सुई. आणि हसायला बंदी. हसलं की खोकला, खोकला आला की रक्त, असा मोठ्या डॉक्टरांचा धाक होता.

"आता तूच सांग," आजी म्हणाल्या, "वीस बाया एका व्हरांड्यात. हसू नका म्हणल्यावर काय हुणार?"

"काय होणार! मुंगी चालली तरी हसू येणार."

"तर! मग लासलगावची एक सुलाबाई व्हती. बावीस वर्साची, लय इब्लिस. तिनं काढलं हे बोटाचं. डॉक्टर फेरीला यायचे, त्यांच्या धोतराचा सोगा मागं खाटेत अडकायचा, आन् हिकडं वीस पंजे वर. डॉक्टरांना वाटायचं बाया नमस्कार करत्यात. तेबी हात जोडायचे!"

मी हसून हसून जमिनीवर बसले. सुयशने मास्क दाबून धरला, डोळ्यांतून पाणी आणि हाताचा पंजा वर. पहिल्यांदाच त्याने बोटांनी हसून दाखवलं. आजींनी मान डोलावली, म्हणजे पोरगा पास झाला.

मे संपेपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला हे वेड लागलं. जिन्यात पोरं एकमेकांना तीन बोटं दाखवायची. भाजीवाला दोन ते चार ओरडायचा बंद झाला, नुसता खाली उभा राहून मेथीची जुडी हलवायचा. सेक्रेटरी टाकीजवळून गेले की चारही मजल्यांवरून पंजे वर, आणि ते बिचारे सगळ्यांना हात करत जायचे. मी बाहेर टेचात सांगायचे, आमच्याकडे रोग्याला मौन आहे म्हणून. घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसायचे.

दर शनिवारी सकाळी नऊला वजन. माझ्या पिशवीतला डिजिटल काटा गॅलरीच्या फरशीवर ठेवायचा, आजी खुर्ची पुढे ओढणार, सुयश चढणार. चव्वेचाळीसचे सेहेचाळीस झाले, मग सत्तेचाळीस, आणि तिथेच गाडी अडली. खोकला गेला होता, थुंकीची तपासणीही चांगली आली होती, पण वजन हलेना. इकडे जूनमध्ये मागच्या मैदानावर ढोलांचा सराव सुरू झाला. आवाज थेट गॅलरीत. सुयशची बोटं खाटेच्या पाटीवर वाजायला लागली.

"मॅडम, मला यंदा वाजवायचंय," तो दवाखान्यात म्हणाला.

"पन्नास किलो हो, मग बघू," मॅडम म्हणाल्या.

आणि तिसऱ्याच शनिवारी काट्यावर आकडा आला, पन्नास पॉइंट दोन!

मी तर नाचलेच. खोटं कशाला बोलू, पदर खोचून गॅलरीत फुगडीची गिरकी घेतली. एका आठवड्यात तीन किलो! मॅडमना फोन लावायला मोबाइलसुद्धा काढला.

"झालं ना ताई?" सुयश म्हणाला. "म्हणजे मी बरा झालो. संध्याकाळपासून सरावाला जातो. आणि गोळ्यापण बास आता, मळमळतं त्यांनी."

"अरे गाढवा, गोळ्या सहा महिने! मधे सोडल्यास तर रोग दुप्पट जोरात उलटेल, मग या गोळ्यांना दादसुद्धा देणार नाही."

"हो हो," तो म्हणाला. ज्या 'हो हो'चा अर्थ 'नाही नाही' असतो, तो मी लांबून ओळखते.

आजी मात्र इतका वेळ सुयशच्या पायांकडे बघत होत्या.

"उडी मार," त्या म्हणाल्या.

"काय आजी?"

"काट्यावरून उतर आन् उडी मार."

"आजी, डॉक्टरांनी उड्या मारायला—"

"मार म्हणते ना!"

त्याने मारली. इवलीशी. खण्ण! तो कमरेला हात लावायच्या आत तिथे बांधलेली पट्टी सुटली आणि टी-शर्टाखालून गॅरेजमधली बेअरिंगं पडायला लागली. एक, दोन, पाच, सात! फरशीवरून घरंगळत दारातून बाहेर, जिन्यावरून टणटण खाली, आणि त्यातलं सगळ्यात मोठं सरळ जाऊन सेक्रेटरींच्या दारावर आदळलं. ते तोंडाला साबण लावलेला, तसेच धावत बाहेर. "भूकंप! भूकंप!" वर बघतात तर प्रत्येक मजल्यावर पंजेच पंजे.

मला राग आला होता, पण हसू इतकं आलं की शिवी तोंडातच राहिली. सुयशही हसत होता. हसता हसता त्याने आजींकडे पाहिलं आणि थांबला.

आजींचे दोन्ही हात मांडीवर होते. एकही बोट वर नव्हतं. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"रिकाम्या अंगाचा माणूस काट्यावर असा जपून चढत नाय," त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून आत गेल्या.

आता चोरी सापडल्यावर माणूस शरमतो की नाही? हा उलट चिडला. "सगळ्या बिल्डिंगसमोर माझा तमाशा केला म्हातारीने. सोन्यासारखे तीन महिने खाटेवर घातले माझे. मला वाजवायचंय, बास. नको तुमच्या गोळ्या." रविवारी आला नाही. सोमवारी मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार बडवलं, तर आतून कडी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दाराबाहेरून जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गोळी मात्र गेली नाही ती नाहीच. संध्याकाळी मैदानावर त्याचा ढोल वाजताना ऐकू आला.

मंगळवारी आजी म्हणाल्या, "संजे, मला खाली ने."

तो एक्सरेचा दिवस सोडला, तर चार वर्षांत ही बाई जिना उतरलेली नाही. त्यांचा नातू दिनेश प्रेसमधून नुकताच ड्यूटी करून आला होता. त्याने आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट त्यांना उचललं. निघताना त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे बोट केलं. तिथे बुद्धमूर्तीशेजारी तीन गुळगुळीत दगड कायम ठेवलेले असतात. बौद्ध घरात दगड कशाला पुजतात, असं मी एकदा विचारलं होतं, तर "पुजत नाय, राखते," एवढंच उत्तर मिळालं होतं. ते तीन दगड त्यांनी पिशवीत घातले आणि मांडीवर घेतले.

मैदानात आमची वरात पोचली तशी ढोल एकेक करून थांबले. तीसेक पोरं होती. सुयश पुढेच, घामाघूम आणि धापा टाकत. आजींनी पिशवी त्याच्या हातात दिली.

"किती भरंल?"

त्याने तोलून पाहिलं. "दोन-सव्वादोन किलो."

"पाच रत्तल. सुलाबाईचे हायेत."

आणि सगळ्या पोरांसमोर ही बाई बोलायला लागली. आवाज बारीक, म्हणून पोरं जवळ सरकली.

सुलाबाईचं आठ महिन्यांचं लेकरू घरी होतं. सॅनेटोरियमचा नियम असा, की नव्वद रत्तल भरल्याशिवाय घरी सोडायचं नाही. ती पाच महिने पंच्याऐंशीवर अडकलेली. रोज बाळाचं टोपडं उशाशी घेऊन झोपायची. शेवटी तिने चिमणीच्या गळ्यात पडून विनवलं.

"वढ्यातून दगड म्या निवडले," आजी म्हणाल्या. "तिच्या परकराला आतून खिसा म्या शिवला, ह्या हातानं. मला वाटलं, आईला लेकराकडं धाडते, पुण्य करते. काट्यावर नव्वद भरलं. डॉक्टर बिचारे लय खुश. टांग्यात बसताना तिनं दगड गुपचूप माझ्या वटीत टाकले. म्हणली, ठेव चिमणे, पुढच्या बाईला कामी येतील. आन् टांगा वळला तशी तिनं दोन्ही हात वर केले. दहा बोटं. डॉक्टरांना फसवलं म्हणून. म्या बी दहा केली."

मला कळलं होतं, आणि ऐकायचं नव्हतं.

"तिच्या छातीत सुईनं भरलेली हवा पंधरा दिसांत जिरली. गावात कोण भरणार? दीड महिन्यानं नवरा आला, दवाखान्याची घोंगडी परत द्यायला. कडेवर लेकरू व्हतं. पुढं लय बाया माझ्याकडं दगड मागायला आल्या. एकीला दिले नाय. डॉक्टरांना शेवटपत्तुर सांगितलं नाय म्या. आज सांगते हाय, ह्या समद्यांम्होरं. तवापासून दहा बोटं केली नाय."

डाव्या हाताचा अंगठा त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. सात वर्षं मी त्याला संधिवात म्हणत होते! माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी रागाने दिनेशवरच खेकसले, नीट धर खुर्ची म्हणून. खुर्ची तर जमिनीवरच होती.

"तिच्या टायमाला गोळी नव्हती रे पोरा," आजी म्हणाल्या. "तुझ्या टायमाला हाय. मला काय पायजे तुझ्याकडून? काट्यावर खरा चढ. बास."

सुयश दगड छातीशी धरून उभा होता. नाक वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं. मग त्याने ढोल कमरेचा सोडला आणि माझ्यापुढे हात केला. मी पिशवीतून गोळ्या काढल्या. शेजारच्या पोराने पाण्याची बाटली दिली. तीस पोरांच्या देखत त्याने गोळ्या गिळल्या आणि आजींना तोंड उघडून दाखवलं, जीभ उचलून सुद्धा.

पुढचे दिवस विचारू नका. पथकाची पोरं पाळी लावून अंडी आणायला लागली, इतकी की आजींच्या घरी अंडी ठेवायला जागा उरेना आणि सेक्रेटरीसुद्धा नाश्त्याला यायला लागले. सुयश दर शनिवारी काट्याजवळ आला की आधी आपणहून तीन उड्या मारायचा, खिसे उलटे करून दाखवायचा आणि मग चढायचा. जुलैत एकोणपन्नास. ऑगस्टमध्ये एकावन्न. सप्टेंबरच्या चार तारखेला शेवटची गोळी, वजन त्रेपन्न पॉइंट एक, आणि दवाखान्याचा कागद हातात, रोग गेला म्हणून.

"मॅडम, परवा विसर्जन," तो म्हणाला.

"एक तास. धाप लागली तर ढोल खाली," मॅडम म्हणाल्या.

मी धावत पहिल्या मजल्यावर गेले. "आजी, त्रेपन्न! रोग गेला! आता तरी दहा?"

आजींनी नऊच केली. "सुलाबाईबी काट्यावर पास झाली व्हती. वाजवून, खिदळून, उभा ऱ्हाऊ दे माझ्याम्होरं." मग फळीकडे बघून म्हणाल्या, "ते दगड तुझ्या पिशवीत घाल. पुढच्या माणसाला कामी येतील."

अजून आहेत माझ्या पिशवीत. गोळ्या सोडणारा भेटला की मी ते त्याच्या हातात ठेवते आणि बोलायला बसते.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी मिरवणूक आमच्या रस्त्याला आली. चाळीस ढोल, कानाचे पडदे फाटायची वेळ. सुयश पुढच्या रांगेत, भगवा फेटा, गुलालाने लालेलाल. मी खाली होते, हातात घड्याळ. पंचावन्न मिनिटं झाली होती. आमच्या गॅलरीखाली तो थांबला, हात केला आणि अख्खं पथक जागच्या जागी वाजवायला लागलं. मी त्याच्या छातीकडेच बघत होते. श्वास चालला होता, छान, भरपूर. धाप नव्हती.

वर आजी खुर्चीतून उठून कठड्याला धरून उभ्या. त्यांनी एक हात वर केला आणि तळवा दोनदा उडवला.

उडी मार.

सुयशने ढोलासकट उडी मारली. मग बाजूच्याने मारली, मग चाळीसच्या चाळीस पोरं उड्या मारायला लागली, सेक्रेटरी उड्या मारायला लागले, मीसुद्धा, या वयात आणि या गुडघ्यांनी. माझी नजर त्याच्या पायाशी होती. काही म्हणजे काही खाली पडलं नाही.

मग त्याने ढोलाचं टिपरू दातात धरलं आणि दोन्ही हात वर केले. दहा बोटं, गुलालात माखलेली.

आजींनी कठडा सोडला. मागून दिनेशने त्यांना कमरेला धरलं. दोन्ही हात वर आले. मी मोजत होते. आठ. नऊ. डावा अंगठा थरथरला, अर्धवट उघडला, पुन्हा मिटला. आणि मग सत्त्याहत्तर वर्षांनी सरळ उभा राहिला.

दहा!

आणि तोंड उघडलं. ते कायम गच्च मिटलेलं तोंड, एकही दात नसलेलं, आभाळाकडे उघडलं आणि चिमणाआजी खदाखदा हसल्या. अख्खं अंग हलत होतं त्यांचं. मोठ्याने हसल्या हे नक्की, दिनेशने दचकून मागे मान घेतली. पण त्या मेल्या ढोलांच्या आवाजात मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही.